टाय रॉड एंड घरी बदलता येतो का?

प्रश्न : माझी जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, लाखभर किमी झालीत. सिंहगड रोडला खड्ड्यातून गेली की पुढून डावीकडे खटखट वाजतं, स्टेअरिंगही सैल लागतंय. गॅरेजवाला म्हणतो अख्खा रॅक बदला, मित्र म्हणतो नुसता टाय रॉड एंड गेलाय, पार्किंगमध्येच बदलू. जमेल का?
– एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : जमेल की, पण आधी नक्की काय गेलंय ते बघा. स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवतो तो रॅक, आणि त्याचा रॉड चाकापाशी जोडणारा बाहेरचा जॉइंट म्हणजे टाय रॉड एंड. मागच्या चाकांना विटा लावा, पुढचं चाक उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. मग चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. बाहेरच्या जॉइंटलाच खटका लागतोय, त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलंय, तर एंडच गेला. प्ले (सैलपणा) आत बेलोपाशी, म्हणजे रॅकच्या टोकावरच्या घड्यांच्या रबरी आवरणापाशी असेल तर रॅक एंड, म्हणजे आतला जॉइंट, तोही वेगळा मिळतो, त्यासाठी लगेच रॅकचे पैसे घालू नका. बारा आणि सहाच्या जागी हललं तर मात्र बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट तपासा.

पार्ट नाना पेठेत मिळून जाईल, मॉडेल, वर्ष आणि डावा की उजवा ते नीट सांगा.

चाक काढलं की आधी चेक नट (एंडला रॉडवर जागेवर धरून ठेवतो तो) थोडा सैल करा, मग स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली) काढून जॉइंटचा खालचा नट. खरी कटकट पुढेच आहे, कारण जॉइंटचा दांडा टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या भोकात घट्ट बसलेला असतो आणि लोक वैतागून थेट आट्यांवर हातोडा घालतात. पुलर (जॉइंट ओढून काढायचं हत्यार) लावा, मिळत नसेल तर नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) ज्या भोकात दांडा बसतो त्याच्या बाजूवर दोन-चार सणसणीत ठोके द्या, सुटतो (रविवारी दुपारी नको, सोसायटीत लगेच मेसेज फिरतात). जुना एंड काढताना फेरे मोजा आणि नवा तेवढेच फेरे घाला. नट आवळताना दांडाच फिरायला लागला तर जॉइंट नटाच्या विरुद्ध बाजूने टेपरमध्ये दाबून धरा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा आवळायचा, सैल करायचा नाही, आणि पिन नवीनच घालायची. नायलॉनवाला नट असेल तर तोही नवाच.

आता फेरे मोजले म्हणजे अलाइनमेंट झाली असं अजिबात समजू नका. एक फेरा म्हणजे साधारण सव्वा-दीड मिमी, रिमपाशी तोच फरक दुप्पट-तिप्पट होतो, आणि नवा एंड जुन्याइतकाच लांब असेल असंही नाही, त्यामुळे टो (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बिघडला तर टायर एका कडेने भराभर झिजतात. त्याच दिवशी जवळच्या अलाइनमेंटवाल्याकडे हळू न्या, बायपासवर टेस्ट घ्यायला नको. स्टेअरिंग सरळ धरून टो सेट करायला सांगा आणि शेवटी चेक नट आवळला का ते स्वतः खाली वाकून बघा.