स्टेशनचं मॉडेल बागेत ठेवतोयस? मग हे वाच

एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) नि पुठ्ठा विसरच बाबा, रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस, पहिल्याच आषाढात एमडीएफ पुरीसारखा फुगेल. 5 मिमीची पीव्हीसी फोम शीट घे, साइनबोर्डवाल्याकडे उरलेले तुकडे मिळतात, कटरने कापते नि पाणी पीत नाही. सुपरग्लू नको, दमट हवेत तो सांधा ठिसूळ होतो, पीव्हीसी पाइप जोडायचं सॉल्व्हंट सिमेंट लाव आणि आतल्या कोपऱ्यात त्याच शीटची पट्टी चिकटव. छपराच्या फटीत सिलिकॉन भर, पण न्यूट्रल क्युअरवालं, व्हिनेगरसारखा वास मारणारं घेतलंस तर आतल्या लाइटच्या वायरी हिरव्या पडतात (खारं वारं आहेच मदतीला!). स्क्रू स्टेनलेसचेच.

रंग बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रेलिक चालतो, गडद शेड उन्हात लवकर उडते.

आणि मॉडेल थेट मातीवर ठेवू नकोस, पागोळ्यांनी चिखल उडून भिंती लाल होतात, खाली जांभ्याचा चिरा घाल, तळ उघडा ठेव म्हणजे पाणी निघून जाईल. छप्पर उचलता येईल असं कर, आत मुंग्या हमखास घर करतात. माडाखाली तर अजिबात नको, वरून झावळ आली की सिलिकॉन काय करणार?