वाचकांचे प्रश्न: लाँग कोविड घरोघरी जाऊन मोजायचा कसा?

प्रश्न (केज, जि. बीड): आमचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा गट आहे. तालुक्यात लाँग कोविडचे किती लोक आहेत हे काढायचे आहे. दवाखान्याच्या नोंदी पुरणार नाहीत का? घरोघरी जायचे तर किती घरे?

नोंदी पुरणार नाहीत. एसटीचे तिकीट आणि एका दिवसाचा रोज सोडणे ज्याला परवडते, त्याचेच नाव दवाखान्याच्या वहीत येते. लाँग कोविड म्हणजे कोविड होऊन गेल्यावरही महिनोन्महिने न हटणारा त्रास. असा माणूस बहुधा अंथरुणाला खिळलेला नसतो. तो शेतात जातो, दुपारपर्यंत टिकतो आणि मग बांधावर बसून राहतो. त्याची नोंद कुठेच होत नाही. शिवाय अनेकांची चाचणीच झाली नव्हती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जून-जुलै २०२१ च्या देशव्यापी रक्ततपासणीत लस न घेतलेल्यांपैकीही ६२.३ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली. या तपासणीच्या मालिकेत २०२० पासून बीड, परभणी आणि नांदेड हे आपले तीन जिल्हे होते. ‘पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवा’ ही अट घातली, तर खरे रुग्ण पहिल्याच पायरीवर गळतील.

आता संख्या. अंदाजे टक्के गुणिले उरलेले टक्के गुणिले ३.८४ (९५ टक्के खात्रीसाठी ठरलेला आकडा), आणि त्याला जितके टक्के चूक चालेल त्या आकड्याच्या वर्गाने भागायचे. ५ टक्के अंदाज धरला आणि २ टक्के इकडेतिकडे चालणार असेल तर ५ × ९५ × ३.८४ ÷ ४ म्हणजे ४५६. एका गावातली माणसे एकमेकांसारखी असतात, म्हणून दीडपट करा: ६८४. दहातला एक भेटणार नाही असे धरले तर ७६०. चाळीस ठिकाणी प्रत्येकी २० घरे, एकूण ८००, हे सोयीचे पडेल. चूक १ टक्क्यावर आणायची असेल तर माणसे चौपट लागतात. विद्यार्थ्यांच्या गटाने त्या मोहात पडू नये.

गावे सोयीने निवडू नका. सगळ्या गावांची प्रौढ लोकसंख्या एकाखाली एक मांडून चढती बेरीज करा. एकूण २,००,००० असेल तर ४० ने भागून ५,००० चा टप्पा येतो. १ ते ५,००० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा. तो ३,२१७ निघाला तर पुढे ८,२१७, १३,२१७ असे मोजत जा. आकडा ज्या गावाच्या बेरजेत पडेल ते गाव घ्यायचे. तांडे आणि शेतवस्त्या यादीत वेगळ्या नावाने लिहा. त्या ग्रामपंचायतीच्या आकड्यात धरलेल्या असतात, पण तिथवर चालत कोणी जात नाही.

घरात जो समोर बसला आहे त्याला विचारून निघू नका. घरातल्या प्रौढांची नावे लिहून चिठ्ठीने एकच निवडा, आणि घरात प्रौढ किती हे फॉर्मवर नोंदवा. पाच प्रौढांच्या घरातून आलेले उत्तर हिशेबात पाच जणांच्या वजनाने धरायचे असते. हे राहिले तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे पारडे जड होते.

प्रश्न (घनसावंगी, जि. जालना, आशा गटप्रवर्तक): थकवा आहे का विचारले की प्रत्येक बाई हो म्हणते. मग कोणाला मोजायचे?

सगळे सर्वेक्षण याच प्रश्नावर तरते किंवा बुडते. त्या बायका खोटे बोलत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. म्हणून ‘थकवा’ या शब्दापाशी थांबू नका, काम विचारा. ‘पूर्वी एका दमात जेवढे खुरपत होता तेवढे आता होते का?’ ‘जास्त काम झाले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते का?’ रक्तक्षयाची बाई रोजच गळालेली असते. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणे ही लाँग कोविडची जास्त नेमकी खूण. धाप विचारताना भरलेला हंडा घेऊन चढ चढण्याचे विचारा. विसराळूपणासाठी रोजच्या हिशेबाचे आणि चुलीवर ठेवून विसरलेल्या दुधाचे विचारा.

क्रम महत्त्वाचा आहे. कोविडचाही विषय निघेल हे संमती घेताना सांगा, पण प्रश्नांची सुरुवात त्याने करू नका. नाव आधी घेतले की प्रत्येक दुखणे त्याच खुंटीला टांगले जाते. आधी तक्रारी, मग त्या कधीपासून, आणि शेवटी कोविड. तारखा कोणाला आठवत नाहीत, सण आठवतात: २०२१ चा गुढीपाडवा, त्यानंतरची अक्षयतृतीया, २०२२ ची संक्रांत. ‘वास गेला होता का, घरात आणखी कोणी पडले होते का’ हेही नोंदवा. जागतिक आरोग्य संघटनेची ऑक्टोबर २०२१ ची व्याख्या अशी: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेला, किमान दोन महिने टिकलेला आणि दुसऱ्या आजाराने उलगडा न होणारा त्रास. विचारणाऱ्याने जागेवर ‘आहे’ किंवा ‘नाही’ ठरवू नये. फक्त तारखा लिहाव्यात, वर्गवारी नंतर.

ढिल्या प्रश्नाने काय होते ते पाहा. १,००० माणसांत खरे रुग्ण ३० आहेत आणि प्रश्न त्यातले २४ पकडतो. उरलेल्या ९७० मधल्या फक्त ५ टक्के लोकांनी चुकून हो म्हटले तरी ते ४८-४९ होतात. अहवालात ७ टक्क्यांहून जास्त छापून येईल आणि त्यातले दोन तृतीयांश दुसऱ्याच कारणाने थकलेले असतील. बोटाच्या रक्तावर हिमोग्लोबिन तपासणारे यंत्र सोबत नेता आले तर जरूर न्या.

आणखी एक. आशाताईंनी स्वतःच्या गावात फॉर्म भरू नयेत, शेजारच्या गावात भरावेत. विलगीकरणाची भीती लोक विसरलेले नाहीत. ओळखीच्या ताईसमोर काही जण लपवतात, काही तिला बरे वाटावे म्हणून हो म्हणतात. सुनेचे उत्तर सासूकडून घेऊ नका.

प्रश्न (शिरूर कासार, जि. बीड): अर्धे गाव ऊसतोडीला जाते. बंद घराच्या जागी शेजारचे घर घेतले तर चालेल का?

नाही. दिवाळीच्या सुमारास गेलेल्या कोयत्यांच्या, म्हणजे ऊसतोड जोडप्यांच्या, मागे गावात उरतात ती म्हातारी, आजारी माणसे आणि शाळेची मुले. हिवाळ्यात मोजले तर आकडा फुगतो, आणि कष्टाने ज्यांचा त्रास वाढतो तीच माणसे सुटतात. गावाकडे परतल्यावर, मे ते सप्टेंबरमध्ये करा. त्यातही पेरणीचे पंधरा दिवस टाळा. बंद घराला तीन वेळा जा, त्यात एकदा संध्याकाळी सातनंतर. तरीही बंद असेल तर ‘बंद’ लिहा. असे किती, हा आकडाही अहवालात यायला हवा.

प्रश्न (नांदेड): अमेरिकेत ७.५ टक्के वाचले, १९ टक्केही वाचले. ब्रिटनमध्ये ३ टक्के. खरे कोणते?

तिन्ही. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या हाउसहोल्ड पल्स सर्वेक्षणात जून २०२२ मध्ये सर्व प्रौढांपैकी ७.५ टक्के होते, आणि कोविड होऊन गेल्याचे सांगणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्के. माणसे तीच, भागाकार वेगळा. ते सर्वेक्षण ईमेल व मोबाइल संदेशाने होते आणि प्रतिसाद फार थोडा. ज्याला त्रास आहे तो उत्तर द्यायला जास्त उत्सुक असू शकतो, हेही लक्षात घ्या.

ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२१ मध्ये संसर्गानंतरच्या बारा आठवड्यांचा हिशेब तीन रीतींनी केला. त्या वेळी यादीतल्या बारा लक्षणांपैकी एखादे असलेले, संसर्ग झालेल्यांत, ५ टक्के निघाले, पण संसर्ग न झालेल्या तुलनेच्या गटातही ३.४ टक्के. लक्षण सलग टिकलेले ३ टक्के, तुलनेत ०.५. ‘मला लाँग कोविड आहे असे वाटते’ म्हणणारे ११.७ टक्के. म्हणून कोणताही आकडा वाचताना दोन गोष्टी शोधा: विचारले काय, आणि भागले कशाने. तुमच्या अहवालातही प्रश्न जसाच्या तसा छापा.

प्रश्न (औसा, जि. लातूर): फॉर्म भरताना खरोखर त्रासातला माणूस भेटला तर?

त्याला ‘तुम्हाला लाँग कोविड आहे’ असे सांगू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावाची चिठ्ठी द्या आणि त्यावर लिहा: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, दोन आठवड्यांवर खोकला असल्यास थुंकीची तपासणी, चालल्यावर ऑक्सिजन. छातीत दुखत असेल किंवा बसल्याजागी धाप लागत असेल तर फॉर्म तिथेच थांबवा आणि १०८ ला फोन करा.