अंधारात जेवून काकांचं जगणं कळेल का?

प्रश्न: ताई, माझ्या मोठ्या काकांची नजर काचबिंदूने गेलीय, दिवाळीत ते आमच्याकडे राहायला येणारेत. मुलांनी झुरिकच्या अंधारातल्या हॉटेलचं रील बघितलं आणि आता हट्ट धरलाय की काका यायच्या आधी आपणही डोळ्याला पट्टी बांधून जेवूया, म्हणजे त्यांचं कसं होतं ते कळेल. करावं का? काकांना वाईट तर नाही वाटणार?
– एक वाचक, सांगली

उत्तर: करा की, मजा येईल. फक्त काकांना "आम्हाला कळलं हो तुमचं दुःख" असलं काही ऐकवू नका.

रीलमधलं हॉटेल म्हणजे ब्लिंडेकू, 1999 पासून चालू आहे, कल्पना एका अंध पाद्रींची. मोबाईल, चमकणारी घड्याळं बाहेर लॉकरमध्ये, मग पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून आगगाडी करून आत जायचं, आणि ही गाडी ओढणारा वेटर स्वतः अंध किंवा अगदी कमी दिसणारा असतो! रीलमध्ये लोकांचं सांडणं-लवंडणंच दाखवतात, पण खरी गंमत वेटरची आहे, तो त्याच मिट्ट काळोखात गरम सूप घेऊन आरामात फिरतो. तुमच्या घरच्या प्रयोगात नेमका तोच नसणार ना.

आणि तिथेच गडबड होते. अमेरिकेत एरिएल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर हेच तपासलं, 2015 साली छापून आलंय. डोळे बांधून थोडा वेळ वावरलेल्या लोकांना उलट असं वाटायला लागलं की अंध माणसाला नोकरी किंवा एकट्याने राहणं फारसं जमणार नाही. साहजिकच आहे, पट्टी बांधली की पहिल्या तासाची घाबरगुंडी तेवढी कळते, पुढे माणूस जे शिकतो ते कुठून कळणार?

म्हणून जेवण काका आल्यावर ठेवा आणि मास्तर त्यांनाच करा, अर्थात आधी विचारून, काहींना हा खेळ अजिबात आवडत नाही आणि तेही बरोबरच आहे. पाणी ओतताना पेल्यात बोटाचं टोक धरायचं, पाणी टेकलं की थांबायचं, हे ते मुलांना दाखवतील. ताटाचं तर आपल्याकडे सोप्पंच आहे, वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू चटणी कोशिंबीर, उजवीकडे भाजी आमटी, वाढायची जागा ठरलेली. परदेशात घड्याळाच्या आकड्यांवरून सांगतात, तीन वाजता बटाटा वगैरे, आपल्याला ते पण लागत नाही. आजकाल बुफेच्या नादात आपण कुठेही काहीही वाढतो ती गोष्ट वेगळी, पण काकांना जुन्या पद्धतीनेच वाढा, आणि आमटी गरम असेल तर वाटी ठेवताना तोंडाने सांगा.

बाकी बाथरूमची बादली, चपला, मधलं स्टूल जागचं हलवू नका, दारं अर्धी उघडी सोडू नका, आणि खोलीतून उठून जाताना "काका, मी जातेय हां" एवढं म्हणा, नाहीतर ते बिचारे रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतात.