‘द विचर’ मालिका बघून झाली. स्लाव्ह, म्हणजे रशिया-पोलंडकडच्या लोककथांवरची एपिक फँटसी वाचायला कुठून सुरुवात करू?

मालिका आवडली म्हणून थेट ‘ब्लड ऑफ एल्व्हज’ उचलू नका. पाच कादंबऱ्यांतली ती पहिली खरी, पण राक्षस मारणारा गेराल्ट, चेटकीण येनेफर आणि राजकन्या सिरी यांचं जमलेलं-बिघडलेलं सगळं त्याआधीच्या दोन कथासंग्रहांत आहे. त्यामुळे आधी ‘द लास्ट विश’, मग ‘सोर्ड ऑफ डेस्टिनी’. या पुस्तकांचा पोलिश लेखक सापकोव्स्की. त्याची पहिली विचरकथा १९८६ साली एका पोलिश मासिकात आली. तिच्यात राजाची शापित मुलगी स्त्शिगा, म्हणजे माणसं खाणारी राक्षसीण होऊन थडग्यातून उठते. हे अस्सल तिकडचं. पुढे मात्र हा माणूस ग्रिमच्या परीकथांपासून आर्थर राजापर्यंत हाताला लागेल ते घेतो आणि त्याची यथेच्छ टिंगल करतो. मजा भरपूर, पण निव्वळ स्लाव्ह चव हवी असेल तर एवढ्यावर भागणार नाही.

त्यासाठी माझं मत कॅथरीन आर्डनच्या ‘द बेअर अँड द नाइटिंगेल’ला. २०१७चं पुस्तक, तीन भागांतलं पहिलं. काळ चौदाव्या शतकातल्या रशियाचा. घरातली मोठी चूल, तिच्यावर झोपणारी माणसं, आणि तिथंच राहणारा घरराख्या दोमोवोइ. त्याला रोजचा भाकरतुकडा ठेवायचा, एवढंच त्याचं मागणं. मग गावात एक देखणा, जळजळीत बोलणारा पाद्री येतो. त्याच्या प्रवचनांनी लोक घाबरतात, नैवेद्य बंद पडतो आणि घरातले, तबेल्यातले हे राखणदार वाळत जातात. ते दिसतात फक्त नायिका वास्याला आणि तिच्या सावत्र आईला. सावत्र आई त्यांना सैतान समजून घाबरते, वास्या मात्र त्यांना चोरून खाऊ घालत राहते. राखणदार दुबळे झाले की जंगलातलं काय काय गावात शिरतं, ते तुम्हीच वाचा. ‘एपिक’ म्हणावं असं राजकारण आणि युद्ध पुढच्या भागांत येतं. तिसरा थेट रशियन आणि तातार यांच्यातल्या १३८०च्या कुलिकोवोच्या लढाईपर्यंत जातो. मला स्वतःला मात्र चुलीपाशी घडणारा पहिलाच भाग सरस वाटतो.

नावांनी गोंधळ होईल. वसिलिसा पेत्रोव्हना म्हणजेच वास्या. पेत्रोव्हना म्हणजे प्योत्रची लेक. आपणही बापाचं नाव मधे लावतोच, तेव्हा हे चटकन अंगवळणी पडतं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूचीही आहे.

तीन भाग जड वाटत असतील तर नेओमी नोविकची ‘अपरूटेड’ घ्या, एकाच पुस्तकात संपते. हिच्यातली भीती पोलिश वळणाच्या एका जंगलाची आहे.

आणि मधूनमधून अफानास्येवने एकोणिसाव्या शतकात जमवलेल्या रशियन लोककथा वाचा, इंग्रजीत सहज मिळतात. दुष्ट जादूगार कोश्चेइचं मरण अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत: पोपटात जीव ठेवणाऱ्या राक्षसाच्या गोष्टींवर वाढलेल्यांना हे घरचंच वाटेल. त्यातली सुंदर वसिलिसाची गोष्ट तर चुकवूच नका. माणसांच्या हाडांचं कुंपण असलेल्या घरात ती बाबा यागा या म्हाताऱ्या चेटकिणीला विचारते, वाटेत दिसलेले पांढरा, तांबडा आणि काळा असे तीन घोडेस्वार कोण? माझा दिवस, माझा सूर्य, माझी रात्र, म्हातारी सांगते. पुढचा प्रश्न मुलगी गिळते. त्यावर बाबा यागा म्हणते, बाहेरचंच विचारलंस ते बरं केलंस. घरातलं बाहेर गेलेलं मला खपत नाही, आणि फार चौकशा करणाऱ्यांना मी खाऊन टाकते.