दुकानाच्या नावाने भूमिका घेण्याआधी

दुकानाच्या नावाने एखाद्या नेत्याला किंवा पक्षाला उघड पाठिंबा दिला तर गिऱ्हाईक तुटेल का, असं तू विचारलंस. काही तुटेल, काही जोडलंही जाईल. जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या गोया फूड्स या खाद्यपदार्थ कंपनीचे प्रमुख रॉबर्ट उनान्वे यांनी व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांची तोंडभरून स्तुती केली. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, घरांत हा ब्रँड रुजलेला, त्यामुळे बहिष्काराची हाक लगेच आली. उलट समर्थकांनी बीन्सचे डबे भरभरून नेले. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की विक्री सुमारे २२ टक्क्यांनी वाढली, पण तीन आठवड्यांत ती वाढ ओसरली.

पण गोया देशभर विकतं, तुझं दुकान एका गल्लीत आहे. रोज दूध-ब्रेड नेणारा माणूस दुखावला तर भांडत नाही. उधारीची वही चुकती करतो आणि समोरच्या दुकानात जायला लागतो. तो परत येणं फार अवघड.

म्हणून गप्प बस, असं मी मुळीच म्हणणार नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत राहुल बजाज यांनी अमित शहांसमोरच सांगितलं, की उद्योगपती सरकारवर टीका करायला घाबरतात. त्या धैर्याबद्दल मला आजही आदर वाटतो. तूही बोल, पण स्वतःच्या नावाने. नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दुकानाचं नाव नको. आणि काउंटरवरच्या पोरांना आधी विश्वासात घे, कारण लोकांचं पहिलं बोलणं त्यांनाच ऐकावं लागतं.