ती तिथे हसते, घरी का नाही?

ताई, नमस्कार.

मी ७२ वर्षांचा, नेरुळला राहतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होतो. पत्नी ६८ वर्षांची. चार वर्षांपूर्वी तिला पार्किन्सन्सचं निदान झालं. तिच्या गोळ्या, आंघोळ, व्यायाम, सगळं मीच बघतो. मुलगा पुण्याला असतो.

जवळच्या विरंगुळा केंद्रात ज्येष्ठांसाठी तालवादनाचा वर्ग सुरू झालाय. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता. पंधरा-वीस जण गोल करून बसतात आणि जेंबे (हाताने वाजवायचा आफ्रिकी ढोल), डफ, खंजिरी वाजवतात. फिजिओथेरपिस्टने सुचवलं म्हणून तिला नेलं. पहिल्या दिवशी मी आत बसलो होतो. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा." तेव्हापासून बाहेरच्या बाकावर असतो. खिडकीतून दिसते. शेजारणीशी बोलते, हात चुकला की मोकळी हसते. घरी आली की चेहरा दगडासारखा. काही विचारलं तर एका शब्दात उत्तर, तेही ऐकू येत नाही. मी एक जेंबे विकत आणला. रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच सरावाला बसवतो, तर चार थापा मारून बाजूला सारते. मुलगा म्हणतो, वर्ग सोडा, घरी येऊन शिकवणारं कुणी बघू, खर्च मी करतो.

४५ वर्षांच्या संसारानंतर मी तिला परका झालो का? आणि या बडवण्याचा खरंच काही उपयोग असतो का?

(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)

---

नमस्कार काका,

परकेपणाचा प्रश्न आधी घेते, तुमची झोप त्यानेच उडवली असणार. तुम्ही परके झालेला नाहीत. पण काकूंनी तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं त्यामागे कारण आहे, आणि ते तुम्ही शांतपणे ऐकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी चेहऱ्याबद्दल. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू मंदावतात. समोरचा बोलत असताना आपली भुवई उंचावते, आपण गालातल्या गालात हसतो, हे सगळं नकळत होत असतं. हा आजार नेमका अशा नकळत होणाऱ्या हालचालींवर घाला घालतो. माणूस आतून खूश असला तरी चेहरा कोरा राहतो. आवाजाचंही तसंच. काकूंना वाटत असतं आपण नेहमीसारखंच बोलतोय, आणि तुमच्या कानावर नुसती कुजबुज येते. मग तुम्ही "काय? काय?" म्हणत राहता आणि त्या दमून गप्प बसतात. कितीतरी घरांत यावरून रुसवेफुगवे झालेले मी पत्रांतून वाचलेत. त्यात दोष कुणाचाच नसतो.

त्यात भर गोळ्यांची. सिंडोपासारख्या पार्किन्सन्सच्या गोळीचा असर चढतो आणि उतरतो. चढलेला असताना शरीर मोकळं असतं, उतरला की हात जड, पाय जड, चेहराही जड. डॉक्टर याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात. सकाळी साडेअकराला काकू बहुधा 'ऑन' असतात. संध्याकाळी पाचला काय असतं? कुठली गोळी कधी दिली याची नोंद तुमच्याकडे असणारच, ती काढून बघा. पाचच्या सुमारास दुपारच्या गोळीचा असर ओसरत आलेला असेल, तर तुम्ही त्यांना नेमक्या अवघड वेळी वाजवायला बसवताय आणि त्यावरून त्यांच्या मनाची परीक्षा करताय.

आता उपयोगाचं. बडवणं म्हणू नका, निदान त्यांच्यासमोर नको. चालताना पाय एका लयीत पडतात, हात आपोआप हलतात, ती लय सांभाळणाऱ्या मेंदूतल्या भागाला या आजारात डोपामिन हे रसायन कमी पडतं. आतली लय डळमळली की पाऊल अडखळतं, कधी दारातच थिजतं. बाहेरून ठेका मिळाला तर मेंदू दुसऱ्या वाटेने ते काम करून घेऊ शकतो. म्हणून तर फिजिओथेरपिस्ट मेट्रोनोमच्या (ठरावीक वेगाने टिकटिकणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर किंवा टाळ्यांवर चालवून बघतात. दिंडीत पखवाज वाजत असेपर्यंत सत्तरी ओलांडलेले पाय कसे पडत राहतात, हे आपल्याला नवं नाही.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, पश्चिम आफ्रिकी पद्धतीचं सामूहिक तालवादन. जेमतेम वीस माणसं, त्यातली निम्मी वाजवणारी. वाजवणाऱ्यांना आपलं रोजचं जगणं आधीपेक्षा बरं वाटू लागलं. एवढ्यावरून कुणी आजार बरा होतो म्हणू लागला तर विश्वास ठेवू नका. गोळ्या आणि फिजिओथेरपी चालूच राहायला हवी. पण चार वर्षं आजारासोबत काढलेल्या बाईला रोजचा दिवस बरा वाटणं, याला मी फार मोठं मानते.

वाशीला असा एक वर्ग मी बसून पाहिलाय. सुरू होण्याआधी सगळ्या बायका अंगठ्या आणि बांगड्या काढून पर्समध्ये ठेवत होत्या. जेंब्यावर मधोमध तळवा पडला की घुमारा येतो, कडेला बोटं पडली की खणखणीत, आणि मध्ये धातू आला तर बोटंही दुखतात आणि चामडंही. एका आजोबांचा डावा हात सारखा थरथरत होता. शिकवणाऱ्या मुलीने त्या हातात खंजिरी दिली. थरथरीने झांजा आपोआप किणकिणत राहिल्या आणि ठेका आला की ते उजव्या हाताने थाप मारत होते. कुणी त्यांचा हात धरायला धावलं नाही. कुणी "सावकाश" म्हटलं नाही. गोलात बसलेल्या प्रत्येकाचं लक्ष ठेका सुटू नये यावर होतं, आणि तो ठेका त्या आजोबांवरही तेवढाच अवलंबून होता.

काका, काकूंनी तुम्हाला बाहेर का बसवलं याचं उत्तर मला तिथे दिसतं. घरी त्यांचा हात थरथरला की तुम्ही कप धरता. उठताना तुमचा हात पुढे असतो. ते प्रेम आहे, आणि त्याशिवाय त्यांचं चालणारही नाही. पण सकाळी उठल्यापासून कुणीतरी आपल्या हातांकडे, पायांकडे, चमच्याकडे बघत असतं, याचा शीण येतो. आठवड्यातले ते दोन तास त्यांच्या हातांकडे कुणी बघत नाही. तिथे चुकल्या तर हसता येतं, घरी चुकल्या तर तुमच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. तुम्ही आत बसलात की त्या पुन्हा पेशंट होतात. म्हणून खिडकीतून बघणंही सोडा. अवघड वाटेल, तरी सोडा.

मग तो वेळ काय करायचं? केंद्रात कॅरम असेल तर खेळा. नाहीतर नेरुळच्या ज्वेल बागेत जाऊन तलावाला दोन फेऱ्या मारा. तुमच्या सबंध पत्रात तुमच्या स्वतःच्या दिवसाबद्दल एक ओळ नाही. जुन्या कंपनीतलं कुणी भेटतं का? शेवटचं निवांत चहाला कधी बसलात? चोवीस तास दुसऱ्याचा हात धरून ठेवणारा माणूस आतून झिजतो, आणि ७२ व्या वर्षी तुम्ही झिजलात तर काकूंना तुमच्याइतकं सांभाळणारं दुसरं कुणी नाही.

पाच ते साडेपाचचा सराव आजच बंद करा. गोळ्यांच्या बाबतीत तुमची शिस्त लाखमोलाची आहे, अनेक घरांत तीच नसते. वाद्याला मात्र शिफ्ट लावू नका. जेंबे हॉलच्या कोपऱ्यात राहू दे, त्याचा विषयही काढू नका. एखाद्या सकाळी त्यांनी आपणहून हात लावला, तर समोर बसून म्हणा, "मलाही शिकव ना." तुम्हाला काही येत नाही आणि त्यांना येतं, अशी एक तरी गोष्ट घरात असू द्या. तुमचा हात चुकला की त्या हसतील असं मला वाटतं. चेहऱ्यावर दिसलं नाही तरी हसतील.

मुलाचा हेतू चांगला आहे, पण त्याचं या बाबतीत ऐकू नका. घरी शिकवायला येणारा माणूस वाजवणं शिकवेल, ती शेजारीण कुठून आणेल? लंडनमध्ये मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यांसोबत झालेला एक अभ्यास २०१६ मध्येच प्रसिद्ध झाला. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, सगळ्यांनी मिळून वाजवायचं. त्यांची चिंता आणि उदासी कमी झाली आणि वर्ग संपून तीन महिने झाल्यावरही तो फरक टिकून होता. यात नुसत्या ड्रमचा वाटा किती आणि सोबतीचा किती, हे वेगळं काढायला जाऊ नये. मुलाला काही करायचंच असेल, तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णांना शुभार्थी आणि सांभाळणाऱ्यांना शुभंकर म्हणतात, आणि दोघांसाठीही सभा होतात. त्याला एकदा जाऊन बसायला सांगा. आईचा आजार फोनवर कळतो त्यापेक्षा त्याला तिथे जास्त कळेल, आणि तुमचे कष्टही.

वर्गात शिकवणाऱ्या मुलीशी एकदा बोलून घ्या, काकूंच्या देखत आणि त्यांना विचारून. खुर्ची हात नसलेली पण भक्कम हवी, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. जेंबे गुडघ्यांत दाबून तिरका धरावा लागतो, त्याने मांड्या भरून येतात, म्हणून स्टँड मिळाला तर उत्तम. वर्ग संपला की लगेच उठायचं नाही. या आजारात बसून उभं राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि पडणं हाच आपला मोठा शत्रू. बंद खोलीत इतकी वाद्यं एकदम वाजली की आवाज ८५ डेसिबलच्या, म्हणजे कानाला त्रास होऊ शकणाऱ्या पातळीच्या, वर सहज जातो. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल, तर इअरप्लग घालायचे आणि खोलीची दारं-खिडक्या उघड्या ठेवायला सांगायचं. मनगट किंवा खांदा दुसऱ्या दिवशीही दुखत राहिला तर एक आठवडा डफ-जेंबे सोडून नुसती खंजिरी.

आणि न्यूरोलॉजिस्टकडे पुढच्या वेळी जाताना पंधरा दिवसांची नोंद न्या. गोळी कधी दिली, किती वाजता मोकळं वाटलं, किती वाजल्यापासून जड. हे काकूंना विचारून लिहा, चेहरा बघून नको. संध्याकाळ खरंच अवघड जात असेल तर डॉक्टर वेळा किंवा मात्रा बदलून बघतील. तुम्ही आपल्या मनाने एकही गोळी पुढेमागे करू नका.