पीएचडी करायची आहे, पण घरी सांगितलेलं नाही

ताई,
मी ४१ वर्षांची आहे. पुण्यात एका बँकेच्या सायबर सुरक्षा विभागात १३ वर्षं काम करतेय. आठवड्यातून दोन रात्रपाळ्या असतात. रात्री अडीच वाजता स्क्रीनवर अलर्टचा, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्यांचा, पूर येतो. बहुतेक खोटे असतात, आणि एखादा खरा त्यात हरवेल या भीतीने घरी आल्यावरही डोळा लागत नाही. पीएचडी करायची इच्छा लग्नाआधीपासूनची. मुलगी सातवीत आहे. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘आता या वयात कशासाठी?’ मी गप्प बसले. पुढे एका एजंटाचा फोन आला: सगळं ऑनलाइन, तीन वर्षांत पदवी, प्रबंध लिहायला ‘मदत’. मी ४० हजार भरले. नंतर कळलं, अशी पदवी इथे चालत नाही. दिवसभर मी लोकांना फसव्या मेलपासून सावध करते आणि मीच फसले. घरी कुणालाच सांगितलेलं नाही. हा नादच सोडून देऊ का?
– एक वाचक, पुणे

नाद सोडू नका. पण पीएचडीच्या आधी त्या ४० हजारांचं बोलू या, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जड तेच आहे.

बँकेतला एखादा कर्मचारी चुकून फसव्या लिंकवर बोट ठेवतो, तेव्हा तुम्हाला त्याच्याकडून काय हवं असतं? त्याने ताबडतोब फोन करून सांगावं, एवढंच. तो घाबरून दोन दिवस लपवतो तेव्हाच नुकसान वाढतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२मध्ये अशा घटना ६ तासांत कळवण्याचा नियम केला, तो तुम्हाला पाठ असेल. स्वतःला मात्र तुम्ही ही मुभा दिली नाहीत. तुम्ही फसलात, कारण त्या माणसाने तुमच्या वीस वर्षांच्या इच्छेला हात घातला. त्यात तुमच्या हुशारीला कमीपणा येत नाही. नवऱ्याला आजच सांगा. पावती आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज जपून ठेवा, पैसे परत मागणारं पत्र लेखी पाठवा, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३०वर, तक्रार करा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५वरही बोला. आधार आणि गुणपत्रिकांच्या प्रती दिल्या असतील तर त्या वापरू नयेत असं त्याच पत्रात लिहा. पैसे परत येतीलच असं मी म्हणणार नाही, पण पोटातला गोळा उतरेल.

आता खरा रस्ता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार नोकरी करता करता अर्धवेळ पीएचडी करता येते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीची मात्र चालत नाही. किमान ३ वर्षं लागतात, कमाल ६. पुनर्नोंदणी करून २ वर्षं वाढवून मिळतात आणि स्त्रियांना त्यावर आणखी २. सुरुवातीला १२ ते १६ क्रेडिटचं कोर्सवर्क, म्हणजे संशोधनाआधीचा अभ्यासक्रम, असतं आणि दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि कामातून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल असं त्यात लिहून द्यावं लागतं. ते मागायला जाल तेव्हाच कोर्सवर्कच्या काळापुरत्या रात्रपाळ्या बदलून मागा. नंतर मागणं अवघड जातं.

विषयासाठी तर तुम्हाला कुठे जायलाच नको. तो तुम्ही पत्रात लिहून बसला आहात! नेटवर्कमधली घुसखोरी ओळखण्यावरचे कितीतरी प्रबंध आजही केडीडी ९९ या डेटासंचावर उभे असतात. तो १९९८ सालच्या, मुद्दाम उभारलेल्या नेटवर्कवरच्या नोंदींतून आलेला. त्यावर ९९ टक्के अचूकता दाखवणाऱ्यांपैकी किती जण रात्री अडीचला त्या स्क्रीनसमोर बसले असतील? तुम्ही १३ वर्षं बसताय. खोट्या अलर्टच्या गर्दीत थकलेल्या माणसाच्या नजरेतून खरा अलर्ट कसा निसटतो, हा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही तर कुणी? आपल्याच पुण्यात ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी अवघ्या तीन दिवसांत गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते. ते दिवस तुमच्या खात्यातल्या कुणीच विसरलेलं नसणार.

फक्त एक जपा. बँकेचे लॉग, म्हणजे तिथल्या संगणकांवरच्या नोंदी, बाहेर नेता येत नाहीत, आणि नोकरी करून संशोधन करणारे नेमके इथेच अडतात: विषय ठरतो, नोंदणी होते आणि मग विधी विभाग नकार देतो. म्हणून विषय नोंदवण्याआधी लेखी परवानगी घ्या. नाहीच मिळाली तर वेगवेगळ्या बँकांतल्या विश्लेषकांच्या मुलाखती घेऊन किंवा प्रयोगशाळेत नेटवर्क उभारून हाच प्रश्न अभ्यासता येईल.

मार्गदर्शक निवडताना नावाच्या वलयाकडे पाहू नका. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात त्यांच्या हाताखालचे प्रबंध उघडा, दोन-तीन तरी वाचा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, तेव्हा जागा आहे का ते आधीच विचारा. त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याला चहाला गाठून विचारा की प्रकरण लिहून दिलं की सर किती दिवसांत वाचून देतात. गिरीनगरची डीआयएटी ही संरक्षण तंत्रज्ञान संस्था, सीओईपी हे तंत्रशास्त्र विद्यापीठ, पुणे विद्यापीठाची संशोधन केंद्रं यांची यंदाची माहितीपत्रकं स्वतः वाचा, कुणा मध्यस्थाकडून ऐकू नका. आणि प्रबंध लिहून देणारा कुणी पुन्हा भेटला तर दारातूनच परत पाठवा. त्या प्रबंधात तुमच्या १३ वर्षांतली एकही रात्र असणार नाही.

नवऱ्याच्या ‘कशासाठी?’चा तुम्हाला राग आलाय, तो मला कळतो. पण त्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलेलं नाही. बढतीसाठी असेल तर सरळ सांगते, सीआयएसएसपीसारखी सायबर सुरक्षेची प्रमाणपत्र परीक्षा स्वस्तात आणि लवकर काम करेल. तुमच्या पत्रात मात्र बढतीचा शब्दही नाही. झोप न लागण्याबद्दल आहे. तेच त्यांना सांगा. मग कागद घेऊन बसा: आठवड्याचे बारा-पंधरा तास कुठून काढायचे, रविवारची सकाळ कुणाची, लेकीचा अभ्यास कोण घेणार. सहा वर्षं लागली तर तिची दहावी आणि बारावी दोन्ही मध्येच येतील. नियमांत बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजेची सोय आहे, तीही त्या कागदावर लिहून ठेवा.

तिलाही बसवा त्या बोलण्यात. सातवीतल्या मुलीला आई रात्री जागी का असते हे बहुधा माहीत असतं, फक्त तिला कुणी सांगितलेलं नसतं.

– तुमची ताई